टाइप १, टाइप २ आणि उरलेले : मधुमेहाचा प्रकार नक्की ठरतो कशावरून?

सांजवारा

मधुमेहावर इथे धागे भरपूर आहेत, पण बहुतेक सगळे 'साखर किती आली आणि काय खाऊ' याच वळणावर जातात. मला विचारायचंय ते त्याच्या आधीचं आहे. एखाद्याला कुठल्या प्रकारचा मधुमेह आहे हे ठरवतात कसं?

निमित्त मावसभावाचं. वय छत्तीस, अंगाने काटकुळा, घराण्यात आधी कुणालाच नाही. निदान झालं तेव्हा 'टाइप २' सांगितलं. तेव्हापासून एका गोळीच्या तीन झाल्या, साखर काही हटत नाही आणि वजन मात्र उतरतंय. आता नव्या डॉक्टरांनी अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइड अशा तपासण्या लिहून दिल्या आणि 'हा कदाचित टाइप २ नसेल' असं म्हणाले. घरात गोंधळ. कुणी म्हणतं आधीचा रिपोर्ट चुकला, कुणी म्हणतं २ चा १ झाला. असं होतं का? जाणकारांनी लिहावं. ज्यांच्या घरात 'वेगळा' प्रकार निघाला त्यांनी तर नक्कीच लिहावं.

गोगलगाय

इतकं अवघड आहे का ते? लहानपणी झाला तर १, मोठेपणी झाला तर २. इन्सुलिनवर असेल तो १, गोळ्यांवर असेल तो २. आमच्याकडे तरी सगळे असंच धरून चालतात.

टिटवी

नाही हो गोगलगाय. माझे बाबा कितीतरी वर्षं गोळ्यांवर होते, आता इन्सुलिन घेतात. त्यांच्या फाइलवर अजूनही टाइप २ च लिहिलंय. आणि भाचीला टाइप १ निघाला तेव्हा ती कॉलेज संपवून नोकरीला लागली होती.

स्टेथोवाला

धागा चांगला काढलात. मी याच क्षेत्रात आहे, पण धाग्यावरून कुणाचं निदान करणार नाही, एवढं आधीच सांगतो.

गोगलगाय म्हणतात ती समजूत निराधार नाही, जुनी आहे. पूर्वी वैद्यकातही अधिकृत नावं तशीच होती : 'इन्सुलिनवर अवलंबून असलेला' आणि 'अवलंबून नसलेला'. १९९७ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने आणि १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती काढून टाकली. अडचण टिटवींनी लिहिलीय तीच. टाइप २ च्या पुष्कळ लोकांना पुढे इन्सुलिन लागतं आणि तरीही त्यांचा आजार तोच राहतो. औषधावरून नाव ठेवलं तर औषध बदललं की आजाराचंही नाव बदलायला हवं. म्हणून आता नाव कारणावरून ठेवतात.

टाइप १ मध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींनाच परकं समजून मारते. लहान मुलांत हे झपाट्याने होतं. मोठ्यांत कधीकधी फार सावकाश, काही वर्षं रेंगाळत. टाइप २ मध्ये असा हल्ला नसतो. स्नायू, यकृत आणि चरबी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, आणि ती कसर भरून काढायला लागणारं जास्तीचं इन्सुलिन बीटा पेशींना पुरवता येत नाही. हा दुसरा भाग लोक विसरतात. भरपूर वजन असलेल्या कितीतरी माणसांना मधुमेह कधीच होत नाही, कारण त्यांच्या बीटा पेशी मागणीला पुरून उरतात.

तेव्हा २ चा १ होत नाही. जे 'झालं' असं वाटतं ते बहुतेक वेळा पहिल्यापासून दुसरंच काहीतरी असतं.

सांजवारा, तुमच्या भावाचे डॉक्टर ज्या दिशेने बघताहेत त्याला 'लाडा' म्हणतात, म्हणजे मोठ्या वयात हळूहळू येणारा, प्रतिकारयंत्रणेमुळे झालेला मधुमेह. सुरुवातीला शरीरात थोडं इन्सुलिन शिल्लक असतं, त्यामुळे काही काळ गोळ्या चालतात आणि चित्र हुबेहूब टाइप २ सारखं दिसतं. पहिल्या डॉक्टरांना दोष देण्याआधी हे लक्षात घ्या. त्या दिवशीच्या साखरेच्या आकड्यात प्रकार लिहिलेला नसतो. उपाशीपोटी १२६ किंवा वर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज) ६.५ किंवा वर, म्हणजे मधुमेह आहे. कुठला, ते हे आकडे सांगत नाहीत.

सांजवारा

हे फारच उपयोगी. त्या दोन तपासण्या नेमकं काय सांगतात? आणि सी-पेप्टाइड कशाला? सरळ इन्सुलिनच मोजत का नाहीत?

स्टेथोवाला

बीटा पेशी आधी एक लांब साखळी बनवतात. ती तुटली की एक रेणू इन्सुलिनचा आणि एक सी-पेप्टाइडचा सुटतो. दोन्ही सारख्याच प्रमाणात. टोचायच्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं. म्हणजे माणूस इन्सुलिन घेत असला तरी त्याचं स्वतःचं स्वादुपिंड किती काम करतंय ते सी-पेप्टाइडवरून कळतं. नुसतं इन्सुलिन मोजलं तर टोचलेलं कुठलं आणि घरचं कुठलं याचा घोळ होतो.

पण हा आकडा एकटा वाचायचा नसतो. त्याच वेळची साखर सोबत हवी. साखर अगदी कमी असताना सी-पेप्टाइड कमी येणारच. मूत्रपिंड बिघडलं असेल तर ते रक्तात साचून जास्त दिसतं. साखर बरेच दिवस फार चढलेली असेल तर बीटा पेशी थकून तात्पुरत्या गप्प बसतात आणि टाइप २ वाल्याचाही आकडा कमी येतो. मधुमेह नवा असतानाही घाईने अर्थ काढू नये. टाइप १ असून सुरुवातीला बऱ्यापैकी सी-पेप्टाइड असलेले लोक असतात.

अँटिबॉडी म्हणजे प्रतिकारयंत्रणा बीटा पेशींवर उठलीय याची रक्तातली खूण. त्यांत आधी गॅड बघतात, मग गरजेप्रमाणे आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर ८. स्पष्ट पॉझिटिव्ह आल्या आणि चित्रही तसंच असलं तर प्रश्न मिटतो. निगेटिव्ह आल्या म्हणून टाइप १ नाहीच, असं मात्र नाही. मोठ्या वयात टाइप १ होणाऱ्यांपैकी थोड्यांत त्या सापडतच नाहीत.

एक गोष्ट निकालाची वाट न पाहता बघा. भावाच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा '-ग्लिफ्लोझिन' नावाची काही आहे का? ही औषधं लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. टाइप २ मध्ये उत्तम, हृदयाला आणि मूत्रपिंडालाही फायद्याची. पण ज्याचं स्वतःचं इन्सुलिन संपत आलंय त्याच्यात यांच्यामुळे केटोअॅसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्त आम्लधर्मी होऊन जिवावर बेतणारी अवस्था) होऊ शकतो, आणि तोही साखर फारशी न वाढता. म्हणजे मीटर बघून कुणाला शंकाही येत नाही. मनाने बंद करू नका, पण आजच डॉक्टरांना फोन करून विचारा.

सांजवारा

आहे. तिसरी गोळी तीच. फोन करते.

कडुनिंब

माफ करा, पण मला हे सगळं तपासण्यांचं दुकान वाटतंय. आजोबांच्या काळी मधुमेह एकच होता. आता टाइप १, दीड (म्हणजे हाच लाडा), २, ३सी, शिवाय जनुकांचे. उद्या प्रत्येक पेशंटचा स्वतंत्र प्रकार निघेल.

पानगळ

कडुनिंब, 'एकच होता' हे काही पटलं नाही. सुश्रुतसंहितेतच प्रमेहाचे दोन प्रकार वेगळे सांगितलेत, सहज आणि अपथ्यनिमित्तज. पहिला जन्मजात, माणूस कृश. दुसरा चुकीच्या आहारविहाराने, माणूस स्थूल. उपचारही वेगवेगळे. त्यावरून तेव्हा आजचं सगळं माहीत होतं असा दावा मी करत नाही, ते दोन प्रकार आणि आजचे दोन एकच आहेत असंही नाही. पण एकाच साखरेमागे दोन तऱ्हेची माणसं आहेत, हे नजरेला दिसत होतं.

स्टेथोवाला

आधुनिक वैद्यकात हा फरक प्रयोगाने दाखवला हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी, १९३६ मध्ये. काही रुग्ण टोचलेल्या इन्सुलिनला लगेच प्रतिसाद देतात, काही देत नाहीत. इन्सुलिन हाती येऊन तेव्हा पंधराएक वर्षंच झाली होती. पुढे १९६० च्या सुमारास रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजायची पद्धत काढली आणि मोठ्या वयातल्या कित्येक मधुमेहींत ते कमी नाही, उलट भरपूर आहे असं दिसलं. तोवर मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा दुष्काळ अशीच सर्वसाधारण समजूत होती.

कडुनिंब यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग मात्र मला मान्य आहे. साठीचा माणूस, पोट सुटलेलं, रक्तदाब, आई-वडील दोघांना मधुमेह, गोळीने साखर आटोक्यात. त्याच्या अँटिबॉडी करून काय मिळणार? शंका घ्यायला जागा असेल तिथेच तपासणी. कमी वय, सडपातळ बांधा, उतरतं वजन, गोळ्यांना दाद नाही, स्वतःला किंवा घरात थायरॉइडसारखा प्रतिकारयंत्रणेचा दुसरा आजार, यांपैकी काही असेल तर विचारायचं. एरवी नाही.

उडता_खडू

आमच्या घरी 'वेगळा' निघाला, म्हणून लिहितो.

आजी, आई, मी आणि माझा मुलगा. चौघांचीही उपाशीपोटीची साखर कायम ११५ ते १३५ च्या दरम्यान. ना वर, ना खाली. जेवल्यावर थोडीशी चढते, पुन्हा तिथेच. आईने आयुष्यभर गोळ्या घेतल्या. घेतल्या काय, सोडल्या काय, आकडा तोच. डोळे ठणठणीत, मूत्रपिंड ठणठणीत. मुलाची साखर शाळेतल्या तपासणीत जास्त आली तेव्हा सगळ्यांनी टाइप १ चाच धसका घेतला. मुलांच्या डॉक्टरांनी आमच्या चौघांचे जुने रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि जनुकाची तपासणी करायला सांगितली. ग्लुकोकायनेज नावाच्या जनुकात बदल निघाला. प्रकाराचं नाव मोडी. (लिपी नव्हे. घरात हा विनोद करून झालाय.)

औषध काय, तर काही नाही. वर्षातून एकदा एचबीए१सी.

टिटवी

काहीच नाही?? इतकी वर्षं साखर जास्त आणि उपचार नाही? ऐकूनच धडधडतंय.

स्टेथोवाला

धडधडणं साहजिक आहे, पण बरोबर सांगितलंय त्यांना. ग्लुकोकायनेज बीटा पेशीला साखर किती आहे ते कळवतं. त्या जनुकात बदल असला की इन्सुलिन व्यवस्थित बनतं, फक्त थर्मोस्टॅट थोड्या वरच्या आकड्याला लावल्यासारखं होतं. शरीर तो वरचा आकडाच इमानाने सांभाळतं. म्हणून तर गोळीने फरक पडत नाही. या लोकांचा एचबीए१सी सहसा ७.६ च्या वर जात नाही आणि मधुमेहाची मोठी गुंतागुंत फार क्वचित होते. अपवाद गरोदरपणाचा. तिथे बाळाने तो जनुक घेतलाय की नाही यावर उपचार ठरतो.

मोडीचे बाकीचे प्रकार इतके सौम्य नसतात. एचएनएफ१ए जनुकातला बदल हा नेहमी सापडणाऱ्यांपैकी एक. यात साखर वयाबरोबर वाढत जाते आणि गुंतागुंतही होते. मात्र सल्फोनिलयुरिया गटातल्या जुन्या, स्वस्त गोळ्यांना, आणि त्याही अगदी कमी मात्रेत, हे रुग्ण छान प्रतिसाद देतात. टाइप १ समजून वर्षानुवर्षं सुया टोचून घेतलेल्या काहींना त्या बंद करता आल्या आहेत. कडुनिंब, तुमच्या दुकानात अशा वेळी गिऱ्हाईक कमी होतं!

याहून नाट्यमय गोष्ट तान्ह्या बाळांची. पहिल्या सहा महिन्यांत झालेला मधुमेह जवळपास कधीच टाइप १ नसतो. तो बहुतेक एखाद्या जनुकातल्या दोषामुळे असतो आणि जनुकतपासणी लगेच करायची असते. २००४ मध्ये एक्सेटरच्या अँड्र्यू हॅटर्सली आणि अॅना ग्लॉइन यांच्या गटाने केसीएनजे११ या जनुकातला दोष दाखवून दिला. त्या दोषामुळे बीटा पेशीतली एक पोटॅशियमची वाहिनी बंदच होत नाही आणि तयार असलेलं इन्सुलिन आत अडकून पडतं. सल्फोनिलयुरियाची गोळी नेमकी तीच वाहिनी बंद करते. अशी बहुतेक मुलं इन्सुलिन सोडून गोळीवर येऊ शकली.

मोडीत आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून अपत्याकडे जनुक जायची शक्यता निम्मी. म्हणून 'प्रत्येक पिढीत कुणीतरी' हा धागा दिसला की विचारायचं. पण घरोघरी टाइप २ असताना हा धागा ओळखणं जड जातं.

पानगळ

माझा नंबर ३सी चा. मघाशी कडुनिंब यांनी त्याचं नाव घेतलंच आहे.

स्वादुपिंडाला वारंवार सूज येऊन ते आतून कडक होत गेलं, मग खडे, मग मधुमेह. सगळे म्हणतात 'अरे, म्हणजे इन्सुलिन कमी, टाइप १ सारखंच की'. तसं नाही. टाइप १ मध्ये प्रतिकारयंत्रणा बीटा पेशी वेचून मारते. माझ्यात सगळी जमीनच नापीक झाली. साखर पडली की यकृताला 'सोड साखर' असा निरोप देणारं ग्लुकागॉन ज्या अल्फा पेशी बनवतात त्याही गेल्या. त्यामुळे माझी साखर चढते तशी कोसळतेही, आणि कोसळल्यावर आपली आपण वर येत नाही. रात्रीचा डोस ठरवताना डॉक्टर आणि मी दोघंही हात राखून असतो.

शिवाय अन्न पचवणारे रस कमी. वजन का घटतंय, शौच तेलकट का होतंय, याचं उत्तर मधुमेहात शोधण्यात बराच काळ गेला. जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल सुरू झाल्या आणि अंग धरलं. पण मग खाल्लेलं खरोखर पचायला लागल्यावर साखर वाढली आणि इन्सुलिनही वाढवावं लागलं! ज्यांच्या मधुमेहाबरोबर पोटाची जुनी दुखणी आहेत त्यांनी डॉक्टरांना ती आवर्जून सांगा. साखरेच्या ओपीडीत पोटाबद्दल कुणी विचारत नाही.

स्टेथोवाला

उत्तम प्रतिसाद. थोडी भर : पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह आणि सोबत कारण नसताना भराभर उतरणारं वजन, असं असेल तर स्वादुपिंडाची तपासणी करून घ्यावी. क्वचित तिथल्या कर्करोगाची ती पहिली खूण असते. बहुतेकांत तसं काही नसतं, तेव्हा रात्रभर गूगल करू नका.

गोगलगाय

माझी व्याख्या केव्हाच वाहून गेली. :) स्टेरॉइडने होतो तो कशात धरतात? बहिणीला दम्यासाठी गोळ्या दिल्यावर झाला होता. सकाळची साखर नॉर्मल आणि संध्याकाळी २५० च्या पुढे.

स्टेथोवाला

'इतर कारणांनी झालेला' या गटात. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा जोर दुपारी-संध्याकाळी असतो. म्हणून फक्त उपाशीपोटीची बघितली तर निसटतो. गोळ्या थांबल्यावर अनेकांचा जातो, पण पुढेही अधूनमधून तपासत राहा.

अबोली_फुले

गरोदरपणातल्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. मला झाला होता, बाळंतपणानंतर साखर नॉर्मल झाली आणि सगळ्यांनी 'गेला एकदाचा' म्हणून विषय संपवला.

स्टेथोवाला

वार जी संप्रेरकं सोडते ती इन्सुलिनला विरोध करतात. ज्यांच्या बीटा पेशींत राखीव ताकद कमी, त्यांची साखर तेव्हा वाढते. वार गेली की उतरते, राखीव ताकद मात्र तेवढीच राहते. म्हणून बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन तपासणी आणि पुढे दर १ ते ३ वर्षांनी, कायम. तुमची राहिली असेल तर आता करा. उलट, पहिल्या तिमाहीतच साखर खूप जास्त आली असेल तर तो बहुधा आधीपासूनचा, न कळलेला मधुमेह असतो.

कडुनिंब

बरं, टाइप ५ म्हणून परवा काहीतरी वाचलं. आणि अल्झायमर म्हणजे टाइप ३ म्हणे. हे खरे की फॉरवर्ड?

स्टेथोवाला

अल्झायमरला टाइप ३ म्हणणं ही काही संशोधकांची मांडणी आहे, अधिकृत वर्गीकरणात ती नाही. ३सी शी तिचा काही संबंधही नाही.

टाइप ५ फॉरवर्ड नाही. लहानपणापासूनच्या कुपोषणाशी जोडलेला, अतिशय कृश तरुणांत दिसणारा मधुमेह. इन्सुलिन कमी, पण अँटिबॉडी नाहीत आणि केटोअॅसिडोसिस सहसा होत नाही. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुपोषणाशी संबंधित मधुमेह असा वेगळा गट केला होता, १९९९ मध्ये पुरावा अपुरा म्हणून काढला, आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 'टाइप ५' या नावाने त्याला पुन्हा मान्यता दिली. यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत. माझं मत विचाराल तर आजार खरा आहे, त्याच्या सीमा धूसर आहेत.

वाट_चुकलेली_मैना

मधुमेह मुळापासून बरा होतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ वजन उतरवून सगळी औषधं सोडून बसलेत. इन्सुलिन म्हणजे कंपन्यांनी लावलेली सवय. टाइप कुठलाही असो.

नीलाक्षी_आई

मैना, 'टाइप कुठलाही असो' हे तीन शब्द कृपा करून मागे घ्या.

माझ्या मुलाला टाइप १ आहे. निदानानंतर काही आठवड्यांनी त्याचं इन्सुलिन एकदम कमी लागायला लागलं, जवळजवळ नाहीच. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की उरलेल्या पेशींना थोडा आराम मिळाला की असं होतं, याला हनिमून म्हणतात, हा काळ संपतो. पण तेवढ्यात नात्यातल्या एका भल्या माणसाने 'बघा, बरा झाला, आता सुई बंद करा' असा धोशा लावला आणि कुणा उपचारकाचा पत्ताही आणून दिला. आम्ही ऐकलं नाही. ऐकलेल्या एका घरातलं मूल अतिदक्षता विभागात होतं, ते आम्हाला फॉलोअपला गेल्यावर कळलं.

स्टेथोवाला

+१. टाइप २ मध्ये वजन उतरवून औषधाशिवाय साखर आटोक्यात राहू शकते, हे खरं आहे. डायरेक्ट नावाच्या ब्रिटिश अभ्यासात वर्षभरानंतर ४६ टक्के लोक तसे होते, आणि ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन घटवलं त्यांच्यात ८६ टक्के. त्याला 'रेमिशन' म्हणतात. औषध न घेता किमान ३ महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली. वजन परत आलं की साखरही बहुधा परत येते, म्हणून 'बरा' हा शब्द आम्ही टाळतो. हे सगळं टाइप २ बद्दल. टाइप १ मध्ये इन्सुलिन बंद म्हणजे काही दिवसांत जिवाशी गाठ. १९२२ च्या आधी ही मुलं वाचत नसत.

वाट_चुकलेली_मैना

मी टाइप २ बद्दलच म्हणत होते. शब्द मागे घेते.

नीलाक्षी_आई

धन्यवाद. स्टेथोवाला, एक विचारायचं होतं. मुलाला धाकटी बहीण आहे. तिची अँटिबॉडी तपासणी करावी का? नवऱ्याचं म्हणणं, कळून करणार काय.

स्टेथोवाला

सख्ख्या भावंडांत धोका साधारण ५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शंभरातल्या पंचाण्णव जणांना होत नाही. दोन किंवा अधिक अँटिबॉडी पक्क्या पॉझिटिव्ह असतील तर साखर नॉर्मल असली तरी त्याला आता टाइप १ ची पहिली पायरीच मानतात. कळून करणार काय, याला पूर्वी उत्तर नव्हतं. २०२२ मध्ये अमेरिकेत टेप्लिझुमॅब या औषधाला ८ वर्षांवरच्या, दुसऱ्या पायरीवरच्या, म्हणजे साखर थोडी बिघडू लागलेल्या लोकांसाठी मान्यता मिळाली. ते आजार टाळत नाही, चाचणीत सरासरी दोनेक वर्षं लांबवला. महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही. तपासणीचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो : आधी माहीत असलं की मूल केटोअॅसिडोसिसमध्ये जाऊन निदान होण्याची वेळ सहसा येत नाही. पण 'पॉझिटिव्ह' हा शब्द मनात ठेवून वर्षानुवर्षं वाट बघणं काही घरांना सोसत नाही. दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात.

तपासणी केली नाहीत तरी तहान, सारखी लघवी, अंथरूण ओलं होणं, वजन उतरणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मुलाच्याच मीटरवर तिची साखर बघा. उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल तर थेट रुग्णालय.

नीलाक्षी_आई

हे नवऱ्याला जसंच्या तसं वाचायला देते. निर्णय झाला की लिहीन.